सुपरचार्जरची पुली तुटली: नवी चढवण्याआधी काय तपासायचं आणि कसं खोलायचं

सुपरचार्जर (बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावलेल्या गाडीत पुली स्वतःच्या दोषाने क्वचितच तुटते. त्याआधी दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं. बेल्ट तिरका धावत असतो, आयडलरचं (बेल्टला वळण देणाऱ्या, मोकळ्या फिरणाऱ्या चाकाचं) बेअरिंग कोरडं पडलेलं असतं, कुणीतरी टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) नको तेवढा ताणलेला असतो किंवा क्रँक पुलीचं (इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरच्या पुलीचं) रबर सुटलेलं असतं. पुली फक्त सगळ्यांच्या शेवटी जाते. त्यामुळे नवी पुली मागवून तशीच ठोकली की तीही काही दिवसांत त्याच वाटेने जाते आणि या वेळी सोबत सुपरचार्जरचं बेअरिंगही घेऊन जाते.

नागपुरात अशा गाड्या मोजक्याच आहेत. जुन्या मर्सिडीज सी२०० कॉम्प्रेसर, ऑडीची ३.० टीएफएसआय, जॅग्वार आणि रेंज रोव्हरची सुपरचार्ज्ड व्ही८, एखादी किट लावलेली मस्टँग, आणि लहान इंजिनावर ईटन एम४५ किंवा आयसिन एएमआर५०० सुपरचार्जर बसवून केलेले घरगुती प्रयोग. खालची पद्धत सगळ्यांना चालते. टॉर्कचे आणि मापांचे आकडे मात्र आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

रस्त्यात तुटली तर

समृद्धीवर ताशी १२० ला बेल्ट गेला की बॉनेटखालून फाडकन आवाज येतो, बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि हायड्रॉलिक स्टेअरिंग असेल तर ते एकदम जड होतं. गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. 'पुढच्या इंटरचेंजपर्यंत नेऊ' हा मोह टाळा. बऱ्याच गाड्यांत सुपरचार्जर, अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर असतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पंप थांबलेलं इंजिन काही मिनिटांत इतकं तापतं की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. २००२ ते २००६ च्या मिनी कूपर एस मध्ये तर वॉटर पंप सुपरचार्जरच्याच मागच्या टोकावरून फिरतो, म्हणजे ब्लोअर (सुपरचार्जरच) थांबला की पाणीही थांबलं.

सुपरचार्जरला वेगळा बेल्ट असेल तर थोडी मुभा आहे. इंजिन थंड झाल्यावर ब्लोअरचा पुढचा शाफ्ट हाताने फिरवून बघा. तो मऊ फिरत असेल, खरखर नसेल, वरखाली खेळत नसेल आणि तुटलेले तुकडे दुसऱ्या बेल्टमध्ये अडकलेले नसतील, तर अॅक्सिलरेटर हलका ठेवून २,५०० आरपीएमच्या आत घरी पोहोचता येतं. खरखर असेल तर फ्लॅटबेडच बोलवा. रोटरचा (सुपरचार्जरच्या आतल्या फिरत्या भागांचा) कीस इंजिनात गेला की पुलीचा खर्च किरकोळ वाटायला लागतो.

खोलण्याआधी मोजा

पाना हातात घेण्याआधी बेल्टचा मार्ग कागदावर काढा, फोटो घ्या आणि सगळे तुकडे एका डब्यात गोळा करा. मग व्हर्नियरच्या मागच्या दांडीने पुलीच्या पुढच्या तोंडापासून सुपरचार्जरच्या नाकाच्या (पुली बसते त्या पुढच्या निमुळत्या भागाच्या) कास्टिंगपर्यंतचं अंतर तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा. नवी पुली किती आत दाबायची हे याच आकड्यावर ठरतं, आणि नेमका हाच आकडा घाईत राहून जातो. पुली पूर्ण निघून गेली असेल तर उरलेल्या पुल्यांच्या खाचांवरून रेषा धरावी लागते. ते होतं, पण वेळखाऊ आहे.

आता तुटलेला भाग उजेडात धरा. तुटीवर किनाऱ्याला लाटा लागाव्यात तशा वक्र रेषा दिसत असतील, अर्धा भाग काळपट आणि उरलेला चकचकीत असेल, तर तडा बरेच दिवस वाढत होता. या रेषा जिथून पसरलेल्या दिसतात ती जागा शोधा. बहुधा ती बोल्टच्या भोकाची कड, चावीच्या (शाफ्ट आणि पुली एकत्र अडवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) खाचेचा कोपरा किंवा बेल्टच्या खाचेचा तळ असतो. अख्खा पृष्ठभाग एकसारखा, दाणेदार आणि चमकता असेल तर तूट एका झटक्यात झाली आहे. त्या वेळी कोणतं बेअरिंग जाम झालं ते आधी शोधायचं.

बाकीच्या खुणाही बोलतात. बोल्टची भोकं लांबट झाली असतील तर बोल्ट सैल होते. पुलीच्या आतल्या बोअरवर (मधल्या भोकात) गोल ओरखडे आणि काळी भुकटी असेल तर पुली शाफ्टवर घसरत होती. बेल्टच्या एकाच कडेचे धागे निघाले असतील तर पुल्या एका रेषेत नव्हत्या. आयडलरचं लोखंड निळं-जांभळं पडलं असेल तर त्याचं बेअरिंग जळालं आहे आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथूनच सुरू झालेली असते. क्रँक पुलीच्या मागेही टॉर्च मारून बघा. तुटलेल्या बेल्टचे धागे तिथे गुंडाळून पुढच्या ऑइल सीलमध्ये शिरतात, आणि मग आठवड्याभराने तेल गळायला लागतं.

घट्ट बसवलेली पुली काढणं

ईटनच्या बऱ्याच सुपरचार्जरवर पुली नुसती दाबून बसवलेली असते. तिथे नट नसतो, चावीही नसते. ती काढायला त्या पुलीसाठीचाच पुलर लागतो, जो खाचांवर चहूबाजूंनी पकड घेतो आणि मधल्या बोल्टने शाफ्टला रेटतो. बाजारातला दोन पायांचा साधा पुलर पुलीच्या कडेला लावला की कड तुटते. पुली फेकायचीच असेल तर चालेल, पण पायांचा ताण सुपरचार्जरच्या नाकावर येऊ देऊ नका.

हातोडा बिलकुल नको. शाफ्टच्या तोंडावर मारलेला एक ठोका पुढच्या बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पाडतो. रोटर एकमेकांना न चिकटता फिरतात ते केसाएवढ्या फटीच्या भरवशावर, आणि ठोक्याने तीच फट बिघडते. नवी पुली बसवतानाही हेच लक्षात ठेवा. सुपरचार्जर प्रेसखाली ठेवून पुली दाबली तर सगळा भार बेअरिंगवर जातो. भार शाफ्टवरच अडेल असं बसवण्याचं टूल वापरायचं.

पुली निघाल्यावर शाफ्ट फिरवा. आयडलवर नाकातून खटखट आवाज येत होता का, ते आठवा. येत असेल तर आतल्या कपलरची (पुलीचा शाफ्ट रोटरशी जोडणाऱ्या भागाची) भोकं झिजली आहेत आणि तो बदलायची वेळ हीच. आतलं तेल सुपरचार्जरचंच खास तेल असतं, तिथे इंजिन ऑइल घालायचं नाही.

अॅल्युमिनियमची पुली गरम झाल्यावर सैल का पडते

मॉडिफाय केलेल्या गाड्यांत हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून जरा सविस्तर. मूळ पुली स्टीलची, शाफ्टही स्टीलचा, दोन्ही सारखेच फुगतात. बदली पुली अॅल्युमिनियमची असते, आणि अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. २५ मिमीच्या शाफ्टवर ०.०५ मिमीची घट्ट बसवण धरा. तापमान ८० अंशांनी वाढलं की पुलीचं बोअर शाफ्टपेक्षा ०.०२ मिमीहून थोडं जास्त मोठं होतं. म्हणजे निम्मी पकड गेली. नागपूरच्या उन्हाळ्यात, सिग्नलवर उभं राहून बॉनेटखाली तेवढी उष्णता साठायला वेळ लागत नाही. मग गिअर बदलताना रोटरच्या जडत्वाचा उलटा झटका बसला की पुली घसरते, घसरली की बोअर खरवडतं, खरवडलं की आणखी सैल होते.

उपाय सरळ आहे. बदली पुली घेताना स्टीलचा हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग) आणि त्यावर बोल्टने बसणारं कडं असा दोन भागांचा प्रकार घ्या. पुढे आकार बदलायचा झाला तरी हब हलवावा लागत नाही. एकसंध अॅल्युमिनियमचीच घेतली असेल तर शाफ्ट मायक्रोमीटरने आणि बोअर बोअर गेजने मोजा, बसवण्याचा फरक पुली बनवणाऱ्याने दिलेल्या मापात आहे याची खात्री करा. चढवताना पुली ओव्हनमध्ये १५० अंशांपर्यंत तापवा. २५ मिमीचं बोअर तेवढ्यात सुमारे ०.०७ मिमी मोठं होतं आणि पुली हलक्या दाबाने बसते. गॅसची ज्योत मारू नका. २०० अंशांच्या आसपास ६०६१-टी६ अॅल्युमिनियमचं टेंपर (कडकपणा) उतरायला लागतं, आणि मऊ पडलेली पुली पुन्हा तुटायलाच बसवल्यासारखी आहे.

हबमध्ये तुटून राहिलेले बोल्ट

बोल्टवाल्या पुलीत सहसा एम६ चे बोल्ट असतात, आणि एक तुटला की बाकीचे एकामागून एक जातात. आधी सुपरचार्जरचं हवेचं तोंड स्वच्छ कापडाने आणि टेपने बंद करा, ड्रिलचा कीस आत जायला नको. बोल्टच्या बरोबर मधोमध सेंटर पंच मारा, पण हलक्या हाताने, कारण मागे बेअरिंग आहे. मग उलट्या आट्यांचा ३ मिमीचा ड्रिल लावा. बऱ्याचदा भोक पाडता पाडताच बोल्ट उलटा फिरून बाहेर येतो. नाही आला तर इझी-आउट (तुटका बोल्ट पकडून उलटा फिरवायचं टूल), पण जोर लावायचा नाही. इझी-आउट आत तुटला तर तो इतका कडक असतो की साधा ड्रिल त्यावर चालत नाही. मग हब काढून स्पार्क इरोजनचं (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारं) मशीन असलेल्या टूलरूममध्ये न्यावा लागतो.

तुटलेल्या बोल्टवर नट वेल्ड करून काढायची युक्ती गॅरेजमध्ये नेहमीची आहे. सुपरचार्जरवर ती करू नका. वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि आठवड्याभरात गुरगुर सुरू होते.

आटे गेले असतील तर ६.३ मिमीचा ड्रिल मारून एम६ चं हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. नवे बोल्ट वर्षानुवर्षे डब्यात पडलेले नकोत, ग्रेड लिहिलेले घ्या. ८.८ ग्रेडचा एम६ सुमारे १० न्यूटन-मीटर, एम८ सुमारे २५. मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर, भोकं आणि बोल्ट आधी थिनरने पुसून. घट्ट करताना समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, तीन टप्प्यांत.

क्रँक पुली

ही नुसती पुली नाही. आतला हब आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं, आणि क्रँकशाफ्टला पडणारे पिळाचे झटके ते खातं. सुपरचार्जरने भार वाढला की हे रबर आधी सुटतं, मिनीच्या त्या मॉडेलमध्ये तर ही नेहमीची तक्रार. तपासायला हब आणि कडं दोन्हींवर एकच पांढरी रेघ मारा आणि ५० किमी चालवा. रेघ तुटून पुढेमागे झाली असेल तर पुली बदला. रबर फुगलेलं, तडकलेलं दिसलं तरी बदला. हलकी म्हणून विकली जाणारी, रबर नसलेली अॅल्युमिनियमची क्रँक पुली अशा गाडीवर लावू नये. इंजिन थोडं लवकर फिरेल, पण क्रँक आणि ऑइल पंप कायम मार खात राहतील.

बोल्ट खोलण्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुमच्या इंजिनात क्रँकला चावी आहे का? काही इंजिनांत टायमिंगचं चाक नुसत्या बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. बोल्ट सैल केला की टायमिंग सरकतं, आणि स्टार्ट करताना व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. तिथे आधी क्रँक आणि कॅम लॉक करायची टूल्स लागतात. बोल्ट बहुधा एकदाच वापरायचा असतो, नवा घ्या. खोलायला इम्पॅक्ट गन चालेल. कसायला टॉर्क रेंच आणि अंश मोजायचा गेजच.

आयडलरचं बेअरिंग, ज्याकडे कुणी बघत नाही

एक हिशेब करून बघा. क्रँक पुली १६५ मिमी, आयडलर ७० मिमी, इंजिन ६,५०० आरपीएम. आयडलर १५,३०० च्या वर फिरतो. त्यात कुणीतरी साधं ६२०३-२आरएस बेअरिंग टाकलेलं असतं, जे पंख्याच्या मोटरमध्येही चालतं. त्याच्या रबरी सीलची वेगमर्यादा साधारण १२,००० आहे. सील घासून तापतं, ग्रीस वितळून जातं, गोळ्या कोरड्या पडतात, आयडलर डगमगतो, बेल्ट तिरका होतो, आणि मार पुलीला बसतो. त्याच मापाचं धातूच्या झाकणाचं ६२०३-झेडझेड बेअरिंग साधारण १९,००० पर्यंत जातं. सी३ क्लिअरन्सचं (आत थोडी जास्त मोकळीक असलेलं), नावाजलेल्या कंपनीचं घ्या आणि पेटीचं सील तपासून घ्या, कारण नकली बेअरिंग बाजारात भरपूर आहेत. झाकणाचं बेअरिंग धूळ मात्र कमी अडवतं. सिमेंट रोडची कामं कुठे ना कुठे चालूच असणाऱ्या आपल्या शहरात ते वर्षाला बदललेलं बरं.

टेन्शनर ब्रेकर बारने पूर्ण फिरवून बघा. मध्ये अडकत असेल किंवा एकदम सुटत असेल तर स्प्रिंग नाहीतर डॅम्पर गेला. रेव्ह लिमिटरवर गाडी आपटत ठेवली की टेन्शनरचा हात आधी थकतो.

लेथवर बनवून घ्यायची का?

हिंगणा एमआयडीसीत चांगले लेथवाले आहेत आणि पुली बनवून घेणं शक्य आहे. पण 'भाऊ, हेच तुकडे वेल्डिंग मारून देतो ना' असं कुणी म्हणालं तर तुकडे परत घेऊन निघा. वेल्डने पुलीचा तोल जातो. ३० मिमी त्रिज्येवर फक्त १ ग्रॅम जास्तीचं असेल तर १५,००० आरपीएमला ते साडेसात किलोच्या आसपास जोराने बाहेर ओढतं, दर फेरीला.

नवी बनवायची तर लेथवाल्याला नमुना नको, ड्रॉइंग द्या. पीके प्रकारच्या (लांबीच्या दिशेने बऱ्याच खाचा असलेल्या) बेल्टसाठी खाचेपासून खाचेचं अंतर ३.५६ मिमी, खाचेचा कोन ४० अंश, पुलीचा व्यास ४५ मिमीच्या खाली नाही. बोअर आणि खाचा एकाच पकडीत कापायच्या, नाहीतर दोन्हींचं केंद्र वेगळं होतं. मटेरियल ६०६१-टी६ चा गोल बार, भंगारातलं ओतीव नको. त्यावर हार्ड अॅनोडायझिंग, नाहीतर धुळीने खाचा काही महिन्यांत गुळगुळीत होतात. शेवटी डायनॅमिक बॅलन्सिंग. बसवल्यावर डायल गेजने रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०५ मिमीपर्यंत चांगला, ०.१ च्या वर गेला तर परत पाठवा.

आकार कमी करावासा वाटत असेल तर आधी हे गणित. १६५ ची क्रँक पुली आणि ७५ ची सुपरचार्जर पुली म्हणजे २.२ पट, ६,५०० ला ब्लोअर १४,३०० फिरतो. ६५ ची लावली की १६,५०० होतात. सुपरचार्जर बनवणाऱ्याची मर्यादा ओलांडली जाते का ते बघा. शिवाय लहान पुलीवर बेल्टची पकड कमी, तो घसरतो, मग लोक टेन्शनर ताणतात, आणि नाकातलं बेअरिंग जातं. तुटलेल्या पुल्यांपैकी बऱ्याच या साखळीतल्या असतात. पुली लहान केली की इंधनाचं ट्यूनिंगही बदलावंच लागतं, आणि ते नागपूरच्या मे महिन्याच्या हवेत तपासलेलं हवं, डिसेंबरच्या नव्हे.

कायद्याचंही एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करून रस्त्यावर चालवता येत नाही, आणि अपघातात विमा कंपनीही हेच पुढे करते.

बेल्ट चढवणं आणि पहिली स्टार्ट

पुलीचा व्यास बदलला असेल तर बेल्टची लांबीही बदलते. पुलीला अर्धा वेढा असेल तर व्यासातल्या फरकाला १.५७ ने गुणा. ७५ वरून ६५ म्हणजे सुमारे १६ मिमी लहान बेल्ट. टेन्शनरचा काटा त्याच्या खुणांच्या मधल्या भागात आला पाहिजे, टोकाला टेकलेला नको.

सरळ स्टीलची पट्टी दोन पुल्यांच्या तोंडांवर धरून रेषा तपासा. २०० मिमीच्या अंतरात १ मिमीपेक्षा जास्त फरक नको. दोन पुल्यांची तोंडं खाचांपासून वेगवेगळ्या अंतरावर असतील तर तोंडाऐवजी खाचेत बसणाऱ्या दोन पिना धरून मोजा. फरक आला तर आयडलरखाली बारीक शिम (पातळ चकती) घाला, सुपरचार्जरची पुली जबरदस्तीने आत ढकलू नका.

स्टार्ट करण्याआधी बेल्ट हाताने दोन फेऱ्या फिरवा आणि प्रत्येक खाचेत नीट बसला आहे ना ते बघा. उन्हासाठी गळ्यात बांधलेला दुपट्टा काढून ठेवा. बेल्टच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. आयडलवर दहा मिनिटं चालवा. चिवचिव आवाज आला तर खाचांच्या बाजूने थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर रेषा चुकली आहे. आवाज वाढला तर ताण कमी आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक आयडलर आणि टेन्शनरच्या बोल्टवर टेकवून मूठ कानाला लावली की कोणतं बेअरिंग बोलतंय तेही कळतं.

मग आउटर रिंग रोडवर बूस्ट (सुपरचार्जरचा जादा हवेचा दाब) न वापरता ५० किमी. घरी आल्यावर इंजिन थंड झालं की हबच्या बोल्टवर खुणेची रेघ मारून टॉर्क तपासा, पुलीपासून नाकापर्यंतचं अंतर पुन्हा मोजा आणि लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघा. ०.२ मिमीही सरकली असेल तर पुली शाफ्टवर चालते आहे, बूस्ट देऊ नका आणि ती पुन्हा काढा. सगळं जागेवर असेल तर बूस्ट गेजचा आकडा ४,००० आणि ६,००० आरपीएमला नोंदवा. पुढे कधी वरच्या आरपीएमला तो आकडा उतरला आणि बेल्टखाली काळी भुकटी दिसली, तर बेल्ट घसरतोय असं समजा. टेन्शनर ताणण्याआधी खाचा आणि आयडलर तपासा. ५०० किमीला हेच सगळं परत एकदा.